वाचकांचे प्रश्न : सिनेगॉग पाहायला जाताना

केरळमधील ज्यू वारसा आणि कोकणातील बेने इस्रायली या मराठीभाषक ज्यू समाजाची प्रार्थनास्थळे, म्हणजे सिनेगॉग, यांविषयी या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी काहींना या वेळी उत्तरे देत आहोत. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आम्ही निवृत्त शिक्षक पती-पत्नी डिसेंबरमध्ये दहा वर्षांच्या नातवाला घेऊन कोचीला जाणार आहोत. सहलीच्या कार्यक्रमात मट्टांचेरीच्या ‘ज्यू टाउन’साठी जेमतेम पाऊण तास ठेवला आहे. परवूर आणि चेंदमंगलम येथेही जुनी सिनेगॉग असून त्यांची छोटी संग्रहालये केली आहेत, असे समजले. त्यांसाठी वेगळा दिवस काढावा का? तेथे नेमके काय पाहावे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : वेगळा दिवस अवश्य काढावा. किंबहुना एकाच ठिकाणाची निवड करण्याची वेळ आली, तर मट्टांचेरीची गर्दी सोडून परवूरला जा, असेच मी सुचवीन. तथापि कोचीपर्यंत जाऊन मट्टांचेरीचे ‘परदेशी’ या नावाचे सिनेगॉग न पाहता परतणे कोणालाही रुचणार नाही, म्हणून सुरुवात तेथूनच करू.

केरळमधील ज्यूंची जुनी वस्ती कोचीला नव्हे, तर उत्तरेला कोडुंगल्लूरच्या परिसरात, म्हणजे प्राचीन मुझिरिस बंदराच्या भागात होती. १३४१ साली पेरियार नदीला आलेल्या महापुरात ते बंदर गाळाने भरले, कोचीचे बंदर पुढे आले आणि व्यापाराबरोबर वस्तीही दक्षिणेकडे सरकत गेली. कोचीच्या राजाने आपल्या राजवाड्याला खेटून जागा दिली आणि त्या जागेवर १५६८ साली हे सिनेगॉग उभे राहिले. राजवाडा, त्याच्या आवारातील देवीचे मंदिर आणि सिनेगॉग ही तिन्ही आजही शेजारी-शेजारी आहेत. १६६२ मध्ये पोर्तुगीजांनी सिनेगॉगची नासधूस केली आणि डचांचा अंमल आल्यावर दोनच वर्षांत ते पुन्हा बांधले गेले. आत गेल्यावर नजर वर, झुंबरांकडे जाते. पण तुम्ही खाली पाहा. जमिनीवरील निळ्या-पांढऱ्या फरश्या अठराव्या शतकात चीनमधून आणलेल्या असून त्या हाताने रंगवलेल्या असल्यामुळे एकीसारखी दुसरी नाही. बाहेर १७६० साली बांधलेला घड्याळाचा मनोरा आहे. त्याच्या तबकड्यांवरील अंक वेगवेगळ्या लिपींत आहेत. नातवाला ते ओळखायला लावावेत.

येथील सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे भास्कर रविवर्मा या चेर राजाने इ.स. १००० च्या सुमारास जोसेफ रब्बान या ज्यू पुढाऱ्याला दिलेले ताम्रपट. वट्टेळुत्तु लिपीतील या लेखात त्याला बहात्तर मान बहाल केले आहेत. दिवसा दिवटी लावणे, पालखीत बसणे, छत्र धरणे, पुढे वाद्ये वाजवत जाणे अशा मानांचा त्यांत समावेश आहे. आपल्याकडील वतनदारांच्या कागदपत्रांत पालखीच्या आणि अबदागिरीच्या मानावरून किती भांडणे झाली, हे ज्यांनी वाचले आहे, त्यांना या यादीचे महत्त्व वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

मात्र राजाश्रयाच्या आणि सलोख्याच्या या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती पर्यटकांना सहसा सांगितली जात नाही. ज्या कुटुंबांचे पूर्वज गुलामगिरीतून मुक्त झालेले होते, त्यांना याच सिनेगॉगमध्ये बाकांवर बसण्याची मुभा नव्हती. त्यांची जागा बाहेरच्या दालनात जमिनीवर असे. त्याच समाजातील वकील ए. बी. सेलम (१८८२-१९६७) यांनी या भेदाविरुद्ध सिनेगॉगच्या आतच सत्याग्रह केला आणि हळूहळू तो मोडून काढला. लोक त्यांना ‘ज्यू गांधी’ म्हणत. सिनेगॉगजवळच्या एका रस्त्याला आज त्यांचे नाव आहे. दुकानांच्या रांगेतून जाताना ती पाटी शोधावी आणि तिच्यापाशी थांबून नातवाला ही हकीकत सांगावी. चिनी फरश्यांइतकीच तीही या वास्तूच्या इतिहासाचा भाग आहे.

आता परवूर. एर्नाकुलमहून उत्तरेला सुमारे २५ किलोमीटरवर उत्तर परवूर हे गाव आहे आणि तेथून चेंदमंगलम अगदी जवळ आहे. केरळ शासनाच्या मुझिरिस वारसा प्रकल्पात या दोन्ही सिनेगॉगची दुरुस्ती होऊन त्यांची संग्रहालये झाली. परवूरच्या वास्तूचे वैशिष्ट्य असे की, ती एकसंध इमारत नसून एकामागून एक येणाऱ्या जागांची माळ आहे. रस्त्यालगत दुमजली देवडी लागते, पुढे अंगण येते, मग खांबांच्या दोन ओळींमधून जाणारा लांब, छप्पर असलेला मार्ग, त्यानंतर ‘अझारा’ म्हणजे बाहेरचे दालन आणि शेवटी मुख्य प्रार्थनागृह. केरळमधील देवळात जसे टप्प्याटप्प्याने आत जावे लागते, तसाच हा अनुभव आहे, कारण बांधणारे सुतार आणि गवंडी तेथलेच होते. उतरते कौलारू छप्पर, लाकडी तक्तपोशीवर कोरलेली कमळे, जाड चुनेगच्ची भिंती हा सगळा मलबारचा थाट आहे. प्रार्थना तेवढी हिब्रू. शिलालेखात १६१६ हे वर्ष येते.

आत शिरल्यावर मधोमध ‘तेवा’ दिसेल, म्हणजे जेथे उभे राहून तोरा, अर्थात चर्मपत्रावर लिहिलेला ज्यू धर्मग्रंथ, वाचली जाते तो कठडा असलेला चौथरा. येथे नातवाला एक कामगिरी द्या : दुसरा तेवा शोधून काढ, म्हणावे. तो वरच्या सज्ज्यावर, महिलांच्या बसण्याच्या जागेच्या पुढे आहे. सणावारी आणि शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या, दिवशी तेथून वाचन होत असे आणि जाळीच्या मागे बसलेल्या स्त्रियांना ते जवळून ऐकू येई. दोन तेवा असण्याची ही पद्धत केरळची खास असून जगात अन्यत्र आढळत नाही. शिवाय केरळमधील ज्यू स्त्रियांनी मल्याळम भाषेत गाणी रचली आणि पिढ्यान्‌पिढ्या हस्तलिखित वह्यांमध्ये उतरवून ठेवली. लग्नात, सणात ती पुरुषांसमोर मोकळेपणाने गायली जात. वरचा सज्जा पाहताना ही गोष्ट लक्षात ठेवली, तर ती जाळी केवळ पडद्यासारखी भासणार नाही.

परवूरच्या पश्चिमेकडील, म्हणजे समोरच्या बाजूला असलेला ‘हेखाल’, अर्थात तोरा ठेवण्याचे कोरीव कपाट, ही प्रतिकृती आहे. मूळ हेखाल जेरुसलेमच्या इस्रायल म्युझियममध्ये आहे आणि तेथे तो मट्टांचेरीच्याच कडवुंभागम सिनेगॉगमधून उचलून नेलेल्या लाकडी सजावटीसह मांडला आहे. ही गोष्ट ऐकून अनेकांना हळहळ वाटते. माझे मत थोडे वेगळे आहे. १९५० च्या दशकात मलबारी ज्यूंपैकी बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. सार्वजनिक प्रार्थनेसाठी किमान दहा प्रौढ पुरुष लागतात, तेवढे उरले नाहीत, आणि इमारतींना वाली राहिला नाही. कडवुंभागमची सजावट जेरुसलेमला गेली म्हणून वाचली. मट्टांचेरीत मागे राहिलेली इमारत गोदामासारखी वापरली गेली आणि २०१९ च्या पावसाळ्यात तिचा भाग कोसळला. तेव्हा परवूरची प्रतिकृती पाहून नाक मुरडण्याचे कारण नाही.

चेंदमंगलमचे सिनेगॉग आकाराने लहान आहे आणि तेथील भेट अर्ध्या-पाऊण तासात आटोपते. पण त्याच्या अंगणातील एक दगड पाहण्यासाठी मी कितीही आडवाट करीन. ‘सारा बत इस्राएल’, म्हणजे इस्राएलची मुलगी सारा, हिची ही समाधिशिला असून तिच्यावरील हिब्रू लेखातील कालोल्लेख इ.स. १२६९ चा आहे. भारतात सापडलेला हा सर्वांत जुना हिब्रू समाधिलेख समजला जातो. देवगिरीवर यादवांचे राज्य होते, ज्ञानेश्वरी लिहून व्हायला अजून वीसेक वर्षे अवकाश होता, त्या काळातला हा दगड आहे. कडेची अक्षरे झिजली आहेत, म्हणून सकाळचे तिरपे ऊन असताना तो पाहावा. याच गावात मंदिर, मशीद, चर्च आणि सिनेगॉग एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. गाव हातमागासाठीही प्रसिद्ध आहे. २०१८ च्या पुरात माग आणि तयार कापड दोन्ही चिखलात गेले, तेव्हा डागाळलेल्या कापडाच्या ‘चेकुट्टी’ बाहुल्या करून विणकरांना हातभार लावण्यात आला. खरेदी करायचीच असेल, तर ज्यू टाउनमधील ‘पुरातन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूंपेक्षा येथील मुंडू, म्हणजे केरळी पद्धतीचे धोतर, घेणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

वेळापत्रकाबाबत एवढेच सांगतो : परदेशी सिनेगॉग शुक्रवारी दुपारनंतर, शनिवारी आणि ज्यू सणांच्या दिवशी बंद असते, तर परवूर-चेंदमंगलमची संग्रहालये शासकीय असल्याने त्यांची साप्ताहिक सुटी बहुधा सोमवारी असते. म्हणून मंगळवार ते गुरुवार या दिवसांत दोन्हींचा मेळ सहज बसतो. मुझिरिस प्रकल्पाची बोट मिळाली तर खाडीतून जाण्यात आनंद आहे. पण लहान मुलासह एका दिवसात सारे पाहायचे असेल, तर मोटार बरी.

प्रश्न : ज्यू नसलेल्या व्यक्तीने सिनेगॉगमध्ये जाताना कोणती पथ्ये पाळावीत?
– एक वाचक, सांगली

उत्तर : पुरुषांनी डोके झाकावे, टोपी नसेल तर स्वच्छ रुमालही चालतो आणि अनेक ठिकाणी दाराशीच टोप्या ठेवलेल्या असतात. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे सर्वांनीच घालावेत. पादत्राणांची रीत सगळीकडे एकसारखी नाही : मट्टांचेरीत ती बाहेर काढावी लागतात, इतरत्र विचारून घ्यावे. तेव्यावर चढू नये, हेखालाचा पडदा बाजूला करू नये आणि तोरा कोणी दाखवलीच तर तिच्या चर्मपत्राला बोट लावू नये. वाचणारा हझान, म्हणजे प्रार्थना चालवणारा, सुद्धा ओळीवर चांदीची काडी फिरवतो. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत शब्बाथ असतो. त्या काळात प्रार्थनेला उपस्थित राहण्याची परवानगी मिळाली, तरी छायाचित्रण, लेखन आणि मोबाइल पूर्णपणे बंद ठेवावा. दाराच्या उजव्या चौकटीवर तिरपी बसवलेली छोटी डबी दिसेल, ती मेझुझा. समाजाचे लोक तिला बोटे लावून ती ओठांना टेकवतात. पाहुण्याने तसे करण्याची अपेक्षा नसते.

मुंबईत २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात नरिमन हाउस हे ज्यू केंद्र लक्ष्य झाल्यापासून सिनेगॉगवर पोलीस बंदोबस्त असतो. ओळखपत्र जवळ ठेवावे, मोठी पिशवी नेऊ नये आणि तपासणीचा राग मानू नये.

प्रश्न : केरळातील ज्यू वारशावर सगळेच बोलतात. आमच्या रायगड जिल्ह्यात इतकी जुनी सिनेगॉग असताना ती पाहायला कोणी का जात नाही? आम्ही काही मित्र एका रविवारी अलिबाग भागात जाऊ इच्छितो. कुठे जावे आणि आम्हाला आत घेतील का?
– एक वाचक, पनवेल

उत्तर : तुमच्या तक्रारीत तथ्य आहे, पण तिचे एक कारण चांगले आहे. केरळातील ती दोन सिनेगॉग संग्रहालये झाली, कारण तेथे प्रार्थना करणारे उरले नाहीत. रायगडातील सिनेगॉगना अजून समाज आहे, मग तो ठाण्यात, मुंबईत किंवा थेट इस्रायलमध्ये राहत का असेना. येथे तिकीट नाही, फलक नाहीत, ठरलेली वेळ नाही. कुलूप आहे आणि किल्ली शमाशकडे, म्हणजे सिनेगॉगची देखभाल करणाऱ्याकडे असते. त्यामुळे येथे प्रेक्षक म्हणून जाता येत नाही, पाहुणा म्हणून जावे लागते. आधी निरोप पाठवला, तर आत घेतातच. शिवाय चहा पाजतात, आणि बोलणे अर्थातच आपल्यासारख्याच कोकणी वळणाच्या मराठीत होते.

तुम्ही पनवेलचे आहात, तर सुरुवात घरापासूनच करता येईल. पनवेलचे बेथ एल सिनेगॉग १८४९ चे आहे. पेणला १८६३ चे बेथ हाएलोहिम आहे. अलिबागचे मागेन आबोथ १८४८ साली स्थापन झाले आणि आजची इमारत १९१० ची आहे. ते जेथे आहे, त्या भागाचे नावच इस्रायल आळी. रेवदंड्याचे बेथ एल त्याहून थोडे जुने, १८४२ चे. तेथे गेलात तर पोर्तुगीज तटबंदी आणि खाडीपलीकडचा कोर्लईचा किल्लाही होतो. एका रविवारात मी यांपैकी अलिबाग आणि रेवदंडा एवढीच दोन घेईन आणि उरलेला वेळ नवगाव आणि खंडाळे या दोन ठिकाणांना देईन.

नवगाव हे अलिबागच्या उत्तरेला किनाऱ्यावरचे गाव. समाजाच्या परंपरेनुसार प्राचीन काळी येथे गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. किनाऱ्याला लागलेली प्रेते जेथे पुरली, तेथे आज स्मारक आहे आणि भोवती दफनभूमी. वाचलेल्यांचे वंशज कोकणातील गावोगावी पांगले, घाण्याचा धंदा करू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले जाऊ लागले. रोहेकर, पेणकर, किहीमकर, नवगावकर, आष्टमकर, दिवेकर, झिराडकर, चेऊलकर ही आडनावे त्या गावांचीच आहेत. हिंदी चित्रपटांतील लोकप्रिय चरित्र अभिनेते डेव्हिड हे मूळ डेव्हिड अब्राहम चेऊलकर. स्त्रियांच्या वैद्यकीय सेवेसाठी १९६६ मध्ये पद्मश्री मिळालेल्या डॉ. जेरुशा झिराड याच समाजाच्या. मुंबईतील डॉ. ई. मोझेस रस्ता ज्यांच्या नावाने आहे, ते शहराचे महापौर डॉ. एलिजा मोझेस यांचे घराणे राजपूरकरांचे. दफनभूमीत जुन्या दगडांवर वर हिब्रू आणि खाली मराठी मजकूर आढळतो. मराठी वाचताना कुटुंबांच्या नावांवरून गावांचा नकाशा तयार होऊ लागतो. दगडांवर खडू किंवा पाणी मारून अक्षरे उठवण्याचा मोह मात्र आवरावा.

खंडाळे येथे खडकावर उमटलेल्या खुणा म्हणजे एलियाहू हनाबी, म्हणजे प्रेषित एलिया, यांच्या रथाच्या खुणा असे समाज मानतो आणि या जागेला ‘एलियाहू हनाबीचा टापा’ म्हणतात. नवस बोलायला आणि फेडायला लोक येथे येतात. नवसाबरोबर येतो तो मलिदा : भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलदोडे आणि सुका मेवा यांचे मिश्रण, ताटात त्याची रास, सभोवती फळे आणि त्यावर हिब्रू प्रार्थना. लग्न, बारसे, नवे घर, लांबचा प्रवास अशा प्रत्येक प्रसंगी मलिदा होतो. जगातील इतर ज्यूंमध्ये हा विधी या रूपात नाही. तुम्ही गेलात त्या दिवशी कोणाचा मलिदा असला, तर प्रसादाला नाही म्हणू नका.

सणांविषयीही विचारपूस करावी, कारण कोकणी सणांची नावे येथे ज्यू सणांना सहज बसली आहेत. ज्यू नववर्ष हा ‘नव्याचा सण’, त्या वेळी गव्हाचा चीक आणि नारळाचे दूध यांचा हलवा थापला जातो. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक पाळण्याचा उपास म्हणजे ‘बिरड्याचा सण’, आणि तो सुटतो वालाच्या बिरड्याने. मांस आणि दूध एकत्र न करण्याच्या धर्मनियमामुळे मटणाच्या रश्शात नारळाचे दूध येते; कोकणात त्यासाठी काही वेगळे करावे लागले नाही. अब्राहाम, योसेफ, दावीद यांची आख्याने लावून मराठी कीर्तनेही झाली. पूर्वरंग-उत्तररंगाच्या चौकटीत जुन्या करारातील कथा बसवणारे हे कीर्तन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भरात आले. केरळातील ज्यू स्त्रियांच्या मल्याळम गाण्यांचे जसे जतन झाले, तसे याचे झाले नाही, ही खरी खंत आहे.

संग्रहालय पाहायला जाताना आपण वेळ ठरवतो. येथे समाजाची सोय पाहावी लागते. शनिवार टाळावा, आश्विनाच्या सुमारास येणारा सणांचा काळही चौकशी करूनच निवडावा, आणि निघताना दानपेटीत काही टाकावे. कौले शाकारणे, वाळवी लागलेला वासा बदलणे हा खर्च काही कुटुंबांच्या वर्गणीतून चालतो.

प्रश्न : पुण्यात लाल देवळाखेरीज रास्ता पेठेतही एक सिनेगॉग आहे. एवढ्या छोट्या समाजाला एकाच शहरात दोन कशाला?
– एक वाचक, पुणे

उत्तर : कारण समाज एक नव्हता. छावणीतील लाल देऊळ, म्हणजे ओहेल डेव्हिड, १८६७ चे असून ते बगदादहून मुंबईत आलेले व्यापारी डेव्हिड ससून यांच्या दानातून उभे राहिले. ते स्वतः १८६४ मध्ये वारले. त्यांची समाधी याच आवारात आहे. लाल विटांचा उंच मनोरा, टोकदार कमानी असा इंग्रजी चर्चसारखा घाट असल्यामुळे नवखा माणूस फसतो. भायखळ्याचे मागेन डेव्हिड हे ससून यांचेच. काळा घोड्याजवळचे निळे केनेसेथ एलियाहू १८८४ साली त्यांच्या नातवाने बांधले. रास्ता पेठेतील सुक्कथ शेलोमो १९२१ चे आणि बेने इस्रायली समाजाचे.

बगदादी श्रीमंत होते, अरबी बोलत, पुढे इंग्रजीकडे वळले. बेने इस्रायली मराठी बोलत, लष्करात, रेल्वेत आणि कचेऱ्यांत नोकऱ्या करत. बगदाद्यांपैकी अनेकांनी त्यांना बरोबरीचे मानले नाही, त्यांच्या धर्मशुद्धतेविषयी शंका घेतल्या आणि प्रार्थनेसाठी लागणाऱ्या दहा पुरुषांत त्यांना मोजण्यासही काही वेळा नकार दिला. बेने इस्रायलींमध्येही ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा भेद होता, हे येथे नमूद केले पाहिजे. मट्टांचेरीतील जमिनीवर बसण्याची गोष्ट वर आली आहेच. आता बगदादी कुटुंबे बहुतांशी परदेशी गेली आणि त्यांनी बांधलेल्या वास्तूंत दहा जणांची संख्या भरते ती बेने इस्रायलींमुळे. दोन्ही पाहावीत, मात्र रास्ता पेठेतील आधी पाहावे. लाल देऊळ आधी पाहिले, तर त्याच्या भव्यतेपुढे दुसरे नजरेत भरत नाही.

प्रश्न : नवगावला गलबत फुटल्याची कथा खरी मानावी का? शाळेच्या सहलीत मुलांना काय सांगावे?
– एक शिक्षिका, ठाणे

उत्तर : समाजाची परंपरा म्हणून सांगावी आणि तिच्या बाजूने-विरोधात काय हाती लागते, तेही सांगावे, दहावीच्या मुलांना ते पेलते. घटनेचा काळ ठरवणारा समकालीन पुरावा नाही. या समाजाचा स्पष्ट लिखित उल्लेख १७३८ सालच्या, सार्टोरियस नावाच्या मिशनऱ्याच्या पत्रात मिळतो. शब्बाथ, सुंता, काही उपास आणि ‘शेमा’ ही प्रार्थना एवढेच त्यांच्याकडे टिकले होते. पुढे हिब्रू शिकवण्याचे काम प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकात कोचीहून आलेल्या शिक्षकांनी केले. म्हणजे पहिल्या पत्रातील नाशिककर ज्या परवूर-मट्टांचेरीला चालले आहेत, त्याच भागातून कोकणात विद्या आली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात बेने इस्रायलींमध्ये मध्यपूर्वेतील ज्यू आणि स्थानिक भारतीय अशा दोन्ही वंशधारा आढळल्या. बाहेरून आलेले आणि येथील अशा दोन्ही पूर्वजांचा वाटा मोठा आहे, एवढे त्यातून दिसते; गलबत आणि सात जोडपी यांना त्याने दुजोराही मिळत नाही आणि ती खोटीही ठरत नाहीत.

तुम्ही ठाण्यातच आहात, तेव्हा मुलांना १८७९ चे शाआर हाशामाईम दाखवा. महाराष्ट्रात आज सर्वांत गजबजलेला बेने इस्रायली समाज ठाण्यात आहे. समाजातील एखाद्या ज्येष्ठांना मुलांशी बोलण्याची विनंती करावी. प्रश्न आधी कागदावर लिहून न्यावेत आणि ‘तुम्ही इस्रायलला का गेला नाहीत?’ हा प्रश्न पहिलाच विचारू नये, एवढी समज मुलांना द्यावी. २०१६ पासून राज्यात ज्यूंना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा आहे, हेही नागरिकशास्त्राच्या तासाशी जोडता येईल.

प्रश्न : जुन्या बाजारात रद्दीसोबत एक फाटके पुस्तक मिळाले. त्यात हिब्रूसारखी अक्षरे आणि मराठी मजकूर शेजारी-शेजारी आहे, काही चित्रेही आहेत. याचे काय करावे?
– एक वाचक, कल्याण

उत्तर : प्रथम ते उलट बाजूने उघडून पाहावे, हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहिली जात असल्याने आपल्याला शेवटचे वाटते ते पान पहिले असू शकेल. पेसाहच्या सणात घरी वाचल्या जाणाऱ्या ‘हग्गादा’ची मराठी भाषांतरासह छापलेली पुस्तके एकोणिसाव्या शतकात मुंबईत आणि पुण्यात निघाली. १८७४ सालच्या पुण्याच्या आवृत्तीत बेखमीर भाकऱ्या लाटणाऱ्या, भाजणाऱ्या स्त्रिया साड्या नेसलेल्या दाखवल्या आहेत. तुमच्या पुस्तकात असे चित्र असेल, तर ते दुर्मीळ आहे. चिकटपट्टी लावू नका, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नका. आम्ल नसलेल्या किंवा निदान स्वच्छ, कोऱ्या कागदात गुंडाळून आडवे ठेवा.

पुस्तक साधे प्रार्थनेचे निघाले, तरी रद्दीत परत देऊ नये. ईश्वराचे नाव असलेला हिब्रू कागद ज्यू लोक फेकत किंवा जाळत नाहीत. जीर्ण झाला की तो सन्मानाने पुरतात. तुमच्यापासून ठाण्याचे सिनेगॉग जवळ आहे. रविवारी सकाळी पहिल्या पानाचे छायाचित्र घेऊन जावे आणि तेथील हझान किंवा मुकादम, म्हणजे सिनेगॉगचे प्रमुख, यांना दाखवावे. पुस्तक कोणाचे होते, याची नोंद आतल्या पानावर मराठीत असण्याचा संभव आहे. आडनाव वाचता आले, तर कुटुंब शोधणे त्यांना अवघड जाणार नाही.